आधी माप, मग दसरा

प्रश्न : मी साताऱ्यात शाहूपुरीत राहते, वय ४६, शाळेत शिकवते. दोन वर्षांपूर्वी हायब्रिड सायकल घेतली. आठवडाभर शाळा आणि भाजी, रविवारी मैत्रिणींबरोबर यवतेश्वरचा घाट चढून कासच्या रस्त्याने जमेल तितकं. तासाभरानंतर सीटवर बसवत नाही. आधी दुखतं, मग मुंग्या येतात. जेलचं कव्हर घातलं तर अजूनच बिघडलं. ग्रुपमधली एकजण तिची वापरलेली चामड्याची सीट, ब्रूक्स कंपनीची बी१७, देतेय. नवीची किंमत ऐकून मी गप्प बसले. भाऊ म्हणतो, रात्रभर पाण्यात भिजव नाहीतर एरंडेल चोपड, कोल्हापुरीसारखी मऊ पडेल. सासरे माळकरी आहेत, गाईचं कातडं म्हटल्यावर त्यांचा चेहरा उतरला. घेऊ का? घेतली तर मऊ कशी करू? आणि शाळेच्या स्टँडवरून कुणी काढून नेली तर?

उत्तर :

ताई, आधी भावाला सांगा, बादली रिकामी कर. पाण्याचं आणि एरंडेलाचं पुढे सविस्तर बोलू, पण तुमच्या पत्रात त्याहून महत्त्वाचा शब्द आहे तो मुंग्या.

दुखणं आणि मुंग्या ही दोन वेगळी गाऱ्हाणी आहेत. बैठकीच्या दोन हाडांवर दुखतं ते बहुतेकदा सवयीचं किंवा मापाचं असतं, आणि चांगल्या सीटने ते जातं. मुंग्या येतात त्या मधल्या मऊ भागावर दाब पडून तिथल्या नसा आणि रक्तवाहिन्या चेपल्या गेल्यामुळे. त्या सोसायच्या नसतात, आणि ‘महाग सीट घेतली की थांबतील’ असंही समजायचं नसतं. जेलच्या कव्हरने बिघडलं यात नवल काहीच नाही. हाडं जेलमध्ये रुततात, दोन्हींच्या मधलं जेल वर येतं, आणि जिथे भार नको तिथेच तो पडतो. दुकानात अंगठ्याने दाबून पाहिलं की मऊ सीट छान वाटते, आणि कासच्या वाटेवरच्या पेट्रीपर्यंत पोचेतो तीच नकोशी होते. ते कव्हर आजच काढा.

मग आहे त्याच सीटवर दोन गोष्टी तपासा. यांना पैसे लागत नाहीत. भिंतीला धरून सायकलवर बसा, पेडल सगळ्यात खाली न्या आणि त्यावर टाच ठेवा. गुडघा सरळ झाला पाहिजे आणि कंबर एका बाजूला झुकता कामा नये. मग पायाचा पुढचा भाग पेडलवर आला की गुडघ्यात आपोआप थोडा बाक राहतो. सीट याहून उंच असेल तर प्रत्येक पेडलला कंबर डावी-उजवीकडे हलत मधला भाग सीटवर घासत राहतो. दुसरं म्हणजे सीटचा कल. सायकल सपाट जागी उभी करा (शाहूपुरीत अशी जागा सापडली तर!), सीटवर नाकापासून मागच्या कडेपर्यंत जाड पुठ्ठ्याचं पुस्तक ठेवा, त्यावर मोबाईलमधलं लेव्हल, म्हणजे सपाटी दाखवणारं अॅप. नाक वर उचललेलं असेल तर मुंग्यांचं कारण तिथेच सापडलं. घाट चढताना माणूस नकळत पुढे सरकतो आणि नाकावर बसतो, त्यामुळे कलाची चूक आपल्या भागात दुप्पट छळते. हे दोन्ही नीट करून दोन-तीन रविवार काढा. मुंग्या तरीही येत असतील, किंवा उतरल्यावरही बराच वेळ बधिरपणा जात नसेल, तर सीटवाल्याकडे न जाता डॉक्टरांकडे जा.

आता समजा कल बरोबर आहे, उंची बरोबर आहे, मुंग्या थांबल्या आणि उरलं ते फक्त हाडांचं दुखणं. मग चामड्याच्या सीटचा विचार जरूर करा. पण आधी माप.

कुरिअरच्या खोक्याचा नळीदार पुठ्ठा घ्या. घरच्या दगडी पायरीवर किंवा लाकडी स्टुलावर तो ठेवून पातळ कपड्यात बसा, टाचा किंचित उचला आणि हँडल धरल्यासारखं पुढे वाका. मिनिटभराने उठा. पुठ्ठ्यावर दोन खळगे दिसतील. नीट दिसले नाहीत तर तिरका उजेड पाडा किंवा बोटाने चाचपा. एका खळग्याच्या मध्यापासून दुसऱ्याच्या मध्यापर्यंतचं अंतर मोजा. चामड्याच्या सीटला मागच्या कडेखाली लोखंडी पट्टी असते आणि चामडं तिच्यावर रिव्हेटने ठोकलेलं असतं. त्या कडेवर हाड आलं तर ती सीट कितीही वर्षं वापरा, सुख द्यायची नाही, कारण तिथे चामड्याला खाली दबायला जागाच नाही. म्हणून आलेल्या मापात किमान चार-पाच सेंटीमीटर मिळवा. समजा साडेबारा आलं, तर साडेसतरा रुंदीची सीट हवी, आणि बी१७ नेमकी तेवढीच, साधारण १७५ मिलीमीटर रुंद आहे. माप चौदाच्या आसपास आलं तर मैत्रिणीची सीट तुमच्यासाठी नाही. ती फुकट मिळाली तरी नाही.

अशा वेळी, आणि हँडल उंच करून पाठ ताठ ठेवून चालवणाऱ्यांसाठी, स्प्रिंगची बी६७ बघावी. ती वीस सेंटीमीटरच्या आसपास रुंद, पण वजन आठशे ग्रॅमच्या पुढे. बी१७ पाचशेच्या थोडी वर भरते. घाट चढणारी माणसं ग्रॅम मोजतात हे मला माहीत आहे, पण त्यासाठी डब्यातला एक पराठा कमी न्या, सीटची रुंदी कमी करू नका. बी१७चंच एक आखूड नाकाचं रूप बायकांसाठी म्हणून निघतं, एकाला मध्ये लांबट खाच असते. खाचेची सीट मऊ भागावरचा दाब कमी करते हे खरं. पण तेवढं चामडं कमी झाल्यामुळे ती सैलही लवकर पडते, म्हणून मुंग्यांचा त्रास नसलेल्यांनी साधीच घ्यावी असं माझं मत आहे.

नव्या सीटची किंमत आयातीचा खर्च धरून पाच आकड्यांत जाते. ब्रूक्स ही बर्मिंगहॅमची कंपनी १८६६ची, मुळात घोड्याचं चामडी सामान करणारी. संस्थापकाचा घोडा मेला, त्याने उसनी सायकल घेतली आणि सीटला वैतागून स्वतःची करायला घेतली, अशी गोष्ट कंपनी सांगते. सीटचं पेटंट १८८२चं. २००२पासून मालकी इटलीच्या सेल्ले रोयालकडे आहे. बी१७ हे मॉडेल शंभराहून जास्त वर्षं निघतंय, त्यामुळे जुना माल भरपूर फिरत असतो आणि वापरलेली सीट घेण्यात कमीपणा काही नाही.

फक्त ती हातात घेऊन नीट बघायची. उलटी करा. खालची बाजू खरबरीत, मूळ चामड्याच्या रंगाची असते. तिथे बारीक भेगांचं जाळं दिसलं किंवा रिव्हेटच्या भोवती चामडं फाटायला लागलेलं दिसलं तर परत द्या, कुठल्याही मेणाने भेग सांधत नाही. नाकाखाली एक नट असतो, चामडं ताणायचा. त्याचे आटे किती शिल्लक आहेत बघा. सगळे संपलेले असतील तर सीटचं आयुष्यही संपत आलंय. मग सरळ करून मागून डोळ्याच्या पातळीवर धरा. दोन खळगे दिसतील, ते मैत्रिणीच्या हाडांचे. दोन्ही सारख्या खोलीचे हवेत. एकच बाजू दबलेली असेल तर ती वाकडी बसत होती, आणि तुम्हालाही वाकडं बसवेल. शेवटी अंगठ्याने मध्ये जोर देऊन दाबा. किंचित लवून लगेच वर आलं पाहिजे. लवून तसंच राहिलं तर कुणीतरी तुमच्या भावासारखा सल्ला दिला होता आणि तिने तो ऐकला होता.

भावाचं अगदीच चुकत नाही, म्हणून त्याच्याबद्दल दोन शब्द. कोल्हापुरीचं आणि या सीटचं चामडं एकाच पद्धतीचं, झाडपाल्यात कमावलेलं. आपल्याकडे त्याला बाभळीची साल आणि हिरडा लागतो, आणि हिरडा तर जावळीच्या जंगलातलाच. २०१९ साली कोल्हापुरी चपलेला भौगोलिक मानांकन मिळालं त्यात कोल्हापूरबरोबर सांगली, सोलापूर आणि आपला साताराही आहे. असं चामडं अंगाच्या उबेने आणि घामाने हळूहळू आपला आकार घेतं. नवी कोल्हापुरी पहिले काही दिवस चावते आणि मग दुसऱ्या कुणाच्या पायात जात नाही, ते यामुळेच. इथपर्यंत भाऊ बरोबर. पण चपलेच्या चामड्याखाली जमीन असते, सीटच्या चामड्याखाली हवा. ते फक्त पुढे नाकाशी आणि मागे पट्टीशी धरलेलं, मध्ये अधांतरी ताणलेलं. तुमचं सगळं वजन त्या ताणावर. चपलेला एरंडेल पाजलं तर ती मऊ पडते, बिघडत काही नाही. सीटला पाजलं तर आतले तंतू एकमेकांवरून घसरायला लागतात, चामडं लांबतं, मधून खाली जातं, दोन्ही बाजूंच्या पाळ्या बाहेर फाकतात आणि मांड्यांना घासतात. मधला भाग खाली गेला की नाक वर आल्यासारखं होतं, आणि पुन्हा मुंग्या. खोबरेल, मोहरीचं तेल, बुटांचं पातळ तेल, सगळ्यांचं तेच.

भिजवण्याचंही तसंच. कारखान्यात चामडं भिजवतात, पण साच्यावर ताणून बसवण्यासाठी, आणि मग त्याच आकारात वाळवतात. म्हणजे तो आकार पाण्यानेच आलेला आहे, आणि बादलीत ठेवलात तर पाण्यानेच जाईल.

मग करायचं काय? ताई, खरं सांगायचं तर बसायचं. सीट मुरते ती बसून. कंपनीचं मेण मिळतं, प्रूफाइड नावाचं, छोट्या पत्र्याच्या डबीत. बसवण्याआधी त्याचा बोटाने पातळ हात वरून फिरवा, खालच्या खरबरीत बाजूला एकदाच जरा सढळ लावा, रात्रभर ठेवा, सकाळी सुती फडक्याने पुसून चमकवा. पहिल्या काही महिन्यांत असंच दोन-तीनदा, पण आता फक्त वरून. त्यानंतर वर्षातून दोनदा पुरे, एकदा पावसाच्या आधी आणि एकदा नंतर. मेण लावल्यावर सीट लोण्यासारखी मऊ होईल अशी वाट पाहू नका. ते चामडं कोरडं पडून तडकू नये म्हणून असतं.

पहिल्याच रविवारी कासला जाऊ नका. आठवडाभर शाळा, राजवाडा, मंडई. जुनी सीट फेकू नका. लांबच्या रविवारी जुनी लावा, रोज नवी. बदलायला एक अॅलन की आणि पाच मिनिटं लागतात. फक्त सीटपोस्टवर, म्हणजे सीटखालच्या दांडीवर, उंचीची खूण चिकटपट्टीने करून ठेवा, आणि चामड्याची सीट मुरत जाईल तशी बसण्याची उंची किंचित कमी होते, तेवढी पोस्ट वर घ्या. काही शे किलोमीटरनंतर मागच्या बाजूला दोन उथळ खळगे पडलेले दिसतील, आणि साधारण त्याच सुमाराला तुम्ही सीटबद्दल बोलायचं बंद केलेलं असेल. वापरलेली सीट घेतलीत तर हे लवकर होतं. मधल्या काळात हाडांवर थोडं दुखणं चालेल, कातडी सोलवटणं किंवा मुंग्या नाही. तसं झालं तर कल परत बघा. या सीटचं नाक अगदी केसभर वर ठेवायला चालतं, म्हणजे माणूस खळग्यात मागे बसून राहतो. नाक खाली असेल तर तुम्ही पुढे घसरत राहता, ते हातांनी अडवता, आणि तळहात बधिर होतात.

एक अडचण पदरात येईल ती आधीच सांगतो. ब्रूक्सच्या खालच्या सळ्या आखूड असतात, त्यामुळे सीट मागे-पुढे सरकवायला जागा कमी मिळते. तुमची पोस्ट सरळ असेल तर सीट हवी तितकी मागे जाणार नाही आणि तुम्ही पुन्हा नाकावर याल. मग मागे कलणाऱ्या डोक्याची पोस्ट घ्यावी लागते. जुनी पोस्ट दुकानात घेऊन जा, जाडी मिलीमीटरमध्ये तिच्यावरच कोरलेली असते.

कपड्यांचं : पॅडची चड्डी घालत असाल तर तिच्याआत दुसरं काही घालू नका, शिवण नेमकी हाडाखाली येते. आणि पहिले काही आठवडे काळ्या किंवा गडद तपकिरी सीटवर फिकट रंगाची सलवार नको. रंग उतरतो, आणि वर्गात फळ्याकडे तोंड केल्यावर पोरांना दिसतो.

तो नाकाखालचा नट. नव्या सीटबरोबर त्याचा चपटा पाना येतो, आणि पाना हातात आला की आपल्याला काहीतरी आवळावंसं वाटतं. सीट कडक वाटते म्हणून तो सैल करायचा नाही, मऊ वाटते म्हणून आवळायचा नाही. कित्येक महिन्यांनी मधला भाग डोळ्याला दिसेल इतका खाली गेला, तरच पाव फेरा, तोही चामडं पूर्ण कोरडं असताना. मग काही दिवस चालवून बघा. एकदम आवळलं की चामडं रिव्हेटपाशी फाटतं. पाना घरीच ठेवा, सायकलच्या पिशवीत नको. पाळ्या फाकल्याच तर दोन्ही पाळ्यांना आरीने भोकं पाडून खालून दोरीने एकमेकींकडे ओढून घेता येतात. चपला शिवणारा चांगला कारागीर हे काम मिनिटांत करतो, आणि नट आवळण्यापेक्षा मला हा उपाय कधीही बरा वाटतो.

आता साताऱ्याचा खरा प्रश्न, पाऊस. गावात बरा असतो, पण यवतेश्वर चढून पश्चिमेला निघालात की दर काही किलोमीटरला वाढत जातो. आणि फुलं बघायची ती ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये, म्हणजे तुम्ही जाणारच. भिजलेल्या चामड्यावर बसून चालवलं की ते जास्तीत जास्त ताणतं, एरंडेलाने होतं तेच एका दिवसात. लोक वरून प्लास्टिकची पिशवी बांधतात आणि निश्चिंत होतात. पण पाणी मुख्यतः खालून येतं. मागच्या चाकाने उडवलेलं, घाटातल्या लाल चिखलासकट, सीटच्या त्या खरबरीत, उघड्या बाजूवर. तुमच्या हायब्रिडला मागे पूर्ण मडगार्ड नसेल तर चामड्याच्या सीटचा विषयच काढू नका. मडगार्ड आधी, सीट नंतर.

तरीही भिजलीच तर सावलीत, वाऱ्यावर वाळू द्या, दोन दिवस लागले तरी चालतील. ऊन नको, केस वाळवायचं यंत्र नको, चुलीची ऊब तर नकोच. भराभर वाळलेलं चामडं कडक होऊन तडकतं. वाळल्यावर पातळ मेण. पिशवी उभ्या सायकलवर पाऊस पडताना घालायची आणि घरी आल्यावर काढायची, नाहीतर आत कोंडलेल्या दमटपणाने पांढरी बुरशी धरते. धरलीच तर कोरड्या फडक्याने पुसा, हवेशीर ठेवा, पुन्हा मेण लावा, घाबरण्यासारखं नसतं. पण माझं ऐकाल तर जून ते सप्टेंबर सायकलला जुनी रेक्झिनची सीटच लावा. तुमचं पत्र वळवाच्या दिवसांत आलंय, म्हणून म्हणतो, आता माप घ्या, मडगार्ड बसवा, कल दुरुस्त करा, मैत्रिणीला सीट ठेवून द्यायला सांगा. दसऱ्याला लावा. पुढे मे महिन्यापर्यंत कोरडे दिवस मिळतात, तेवढ्यात ती चांगली मुरते.

आणि सासरे. ब्रूक्सचं चामडं गाईगुरांचं असतं हे खरं आहे, आणि त्या मेणाच्या डबीतही प्राण्याची चरबी असते, तेव्हा ‘तसलं काही नाही हो’ असं सांगून वेळ मारून नेऊ नका. मृदंगालाही कातडंच लागतं हा युक्तिवाद तुम्हाला सुचला असेल, मलाही सुचला. तो करू नका. त्यांच्या सुनेने घाट चढायला त्यांची हरकत दिसत नाही, हरकत एका वस्तूला आहे, आणि त्या वस्तूला पर्याय आहे. याच कंपनीने २०१३च्या सुमाराला कॅम्बियम नावाची सीट काढली. तिचं बूड नैसर्गिक रबराचं, वरून कापड. चामड्यासारखीच ताणून बसवलेली, थोडी लवणारी, पण मुरवायला लागत नाही, मेण लागत नाही, आणि पावसाचं तिला काही वाटत नाही. तुमच्या हाडांचा आकार मात्र ती घेत नाही. पहिल्या दिवशी जशी वाटते तशीच राहते, म्हणून घेण्याआधी कुणाची तरी तासभर चालवून बघाच. रुंद-अरुंद दोन्ही मापं मिळतात, पुठ्ठ्याचं माप इथेही लागू. किंमत चामड्याच्या नव्या सीटइतकीच. खरं सांगू का, घरचं सोडून दिलं तरी, कासच्या पावसात बाराही महिने जाणाऱ्या माणसाला मी हीच सुचवतो. चामडं घ्यायचं ते ज्याला जपायची हौस आहे त्याने.

राहिली चोरी. सीटपोस्टला हाताने उघडणारी खिट्टी असेल तर ती काढून बोल्टची बसवा, दुकानात किरकोळ किमतीत मिळते. दुसरं, सायकलच्या दुकानातून जुन्या चेनचा हातभर तुकडा मागून आणा, पंक्चर झालेल्या ट्यूबमध्ये घाला म्हणजे रंगाला ओरखडे येत नाहीत. तो सीटच्या सळ्यांतून आणि फ्रेमच्या मागच्या त्रिकोणातून फिरवून दुकानदाराकडूनच पिनमारा (चेनची पिन काढायचं-बसवायचं अवजार) वापरून जोडून घ्या; सीटची अदलाबदल चालू असेतो थांबा, आणि पुढे पावसाळ्यात सीट बदलताना तो तिथेच उघडून घ्या. तुकडा इतका सैल ठेवा की सीट थोडी वर-खाली करता येईल. तोडायला पिनमारा किंवा मोठा कटर लागतो, आणि शाळेच्या स्टँडवर तसलं काही खिशात घेऊन सहसा कुणी येत नाही.